तीन ते सहा, चहा धरून

काल गिरणीवाल्या काकांनी मला नोकरी देऊ केली. दुपारी तीन ते सहा, डबे ओळीत लावायचे, चिठ्ठ्या लिहायच्या, चहा त्यांच्याकडून. चेष्टेत नाही हो, अगदी मनापासून, आणि चारचौघांत माझी लाज जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून. पण गिरणी चालू होती, त्यामुळे तो खाली आणलेला आवाज मला ऐकूच आला नाही, मी "काय?" म्हटलं, आणि मग त्यांनी तेच सगळं ओरडून सांगितलं.

मी फूड ब्लॉगर आहे. हेल्दी फूडचा. डोंबिवलीत. छत्तिसाव्या वर्षी रिपोर्टात एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या काठावर आहात, मी घाबरून गव्हाची पोळी सोडून ज्वारी-नाचणीवर आलो, अकरा किलो उतरलो, ऑफिसात लोक माझा डबा बघून रेसिप्या मागायला लागले आणि मला वाटलं जगाला माझी गरज आहे. अकाउंट्समधली नोकरी सोडली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. ही गोष्ट सविस्तर ऐकायची असेल तर आईला विचारा, ती जास्त रंगवून सांगते.

तर गिरणीत जायचं कारण असं की एका वाचक बाईंनी विचारलं होतं, मुलाला सिलिअॅक आहे (गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन बाधतं, तो आजार), बाजारातलं ग्लुटेन-फ्री पीठ परवडत नाही, नाचणी आणून गिरणीतून दळून घेतली तर चालेल का? प्रश्न शंभर टक्के खरा आहे. नाचणीत ग्लुटेन नसतं, पण गव्हाच्या मागे नाचणी घातली की दगडात राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या नाचणीत येतं, आणि अशा मुलाला तेवढंसुद्धा बाधतं. मी म्हटलं यावर मस्त व्हिडिओ होईल. ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक, दोन किलो नाचणी, आणि इस्त्रीचा शर्ट. काळा. गिरणीत जाताना काळा शर्ट घालणारा माणूस बुद्धीने कसा असेल हे तुम्हीच ठरवा.

काकांनी डबा घेतला, झाकण उघडून बोटांनी चाळवलं आणि विचारलं, "गव्हावर टाकू का ज्वारीवर?"

"कशावरच नको."

"म्हणजे?"

"म्हणजे गव्हाचा एक कणही लागायला नको काका."

"उपासाचं आहे का?"

"नाही."

"मग लागला गहू तर काय होतंय?"

मी म्हटलं, "ग्लुटेन." काका म्हणाले, "कोण?"

इथे आजींचा प्रवेश. प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर भाजणीचा डबा, डब्यावर ऑइलपेंटने कुणा दिवंगत माणसाची आद्याक्षरं. या आजी मला तोंडओळखीच्या, समोरच्या विंगेतल्या. त्या काकांना म्हणाल्या, "पथ्याचं असेल हो." मग माझ्याकडे वळून, "कावीळ झालीय का रे?"

मी म्हटलं मला काही झालेलं नाही. हे वाक्य गिरणीत कुणी ऐकून घेत नाही. रांगेतल्या एका बाईंनी त्यांचा डबा माझ्या डब्यापासून वीतभर लांब सरकवला.

काकांनी मग त्यांची सिस्टिम सांगितली, आणि खरं सांगतो, मला भरून आलं. उपासाचं दळण फक्त गुरुवारी सकाळी. आदल्या रात्री गिरणी उघडून दगड झाडायचे, पीठ पडतं ती कापडी सोंड बदलायची, मग राजगिरा, वरी, शिंगाडा, एवढंच. गव्हाचा कण चुकून गेला तर बायका घरी येऊन भांडतात. अहो, हेच तर! सिलिअॅकवाले ज्यासाठी जीव टाकतात ती गोष्ट आमच्या गिरणीत एकादशीच्या भीतीने दर आठवड्याला फुकटात होतेय! मी उड्या मारत म्हटलं, काका, माझी नाचणी उपासाचं दळण म्हणून दळा.

"नाचणी उपासाला चालत नाही."

"मला उपासाला नकोच आहे."

"मग उपासाच्या दिवशी कशाला दळायची?"

"कारण त्या दिवशी दगड स्वच्छ असतात."

"म्हणजे एरवी घाण असतात?"

हे झालं तेव्हा नेमकं एक दळण संपलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. चार डोकी वळली. काका म्हणाले कालच दगडांना टाकी लावून घेतलीय, तीस वर्षांत कुणी असं बोललं नाही. मी सॉरी म्हणायच्या ऐवजी ज्ञान द्यायला लागलो, ही माझी जुनी खोड. म्हटलं बघा, वरी पण नाचणीसारखंच भरडधान्य, एकाच पंगतीतलं, राजगिरा तर खरं म्हणजे गवतवर्गातलं धान्यच नाही, मग वरी चालते आणि नाचणी नाही, हे कुठलं लॉजिक?

आजी म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस?"

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये ग्राहक व्यवहार खात्याने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढले, तेव्हापासून मी प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसातून चार टेक झाले की चार वेळा स्वतःच्या तोंडाने आपण काय काय नाही हे सांगायचं, माणूस खचतो.

"नाही आजी, डॉक्टर नाही."

"मग आहेस कोण?"

"मी खाण्याबद्दल लिहितो."

"खाऊन झाल्यावर का आधी?"

आधी. दुर्दैवाने आधीच. गेल्या दोन वर्षांत मी गरम भाकरी खाल्लेली नाही. आई तव्यावरून काढते, टम्म फुगलेली, आणि मी ओरडतो हात लावू नका, मग खिडकीपाशी उजेड, मग थर्मोकोलचा तुकडा धरून सावली कमी करायची, मग वर तिळाचे दाणे एकेक करून मांडायचे, तोवर भाकरीची ढाल झालेली असते. आणि एवढं करून नाचणी फोटोत चांगली दिसतच नाही! तिची आंबील काचेच्या ग्लासात ओतली की कुणीतरी सिमेंट कालवल्यासारखी दिसते. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे हो, दुधाच्या दुपटीपेक्षा जास्त, पण कॅल्शियम फोटोत येत नाही. फोटोत चीज येतं. तिकडे कुणी पोरगा वडापाववर अर्धा किलो चीज ओततो, ती तार दोन फूट ताणतो, आणि लाखभर लोक बघतात. इथे मी मोड आलेल्या मटकीच्या एका एका शेपटीवर फोकस करतोय.

जाऊ दे. आजींचा पुढचा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. "ह्याचे पैसे मिळतात?"

मिळतात. म्हणजे मिळतात असं म्हणतात. गूगलच्या जाहिरातींचे दहा डॉलर जमले की ते घरचा पत्ता खरा आहे का बघायला पोस्टाने एक पिन नंबर पाठवतात. पोस्टाने! आख्खं जग खिशात घेऊन फिरणारी कंपनी, आणि मी पोस्टमनची वाट बघत गेटवर उभा. तो पिन टाकायचा आणि मग शंभर डॉलर होईपर्यंत गप्प बसायचं, त्याच्या आत ते पैसे सोडत नाहीत. माझे शंभर व्हायला चौदा महिने लागले. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी तुम्हाला बघितलेलं पाहिजे. माझ्या सख्ख्या बहिणीने मला आजवर अकरा मिनिटं बघितलंय, तेही नेट स्लो होतं म्हणून.

मध्ये एकदा बरे दिवस आले होते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, प्रस्ताव भारताचाच, बजेटमध्ये त्याला 'श्री अन्न' म्हटलं गेलं, आणि माझी जुनी बाजरीच्या खिचडीची पोस्ट एकदम धावायला लागली. मला वाटलं आपली वेळ आली. वर्ष डिसेंबरात संपलं. वर्ष संपतं हे मी हिशेबात धरलंच नव्हतं, आणि म्हणे अकाउंट्सचा माणूस! आता सगळ्यांना प्रोटीन पाहिजे. नाचणीत किती प्रोटीन, विचारतात. अरे, फुटाणे खा आणि गप बसा.

आणि कंपन्या. एका कंपनीने म्यूसलीची दोन पाकिटं पाठवली, बदल्यात तीन रील मागितले. पैसे किती विचारलं तर म्हणे बार्टर आहे सर, तुम्हाला एक्स्पोजर मिळेल. पाकीट उलटं करून वाचलं, घटकांच्या यादीत ओट्सनंतर दुसऱ्या नंबरला साखर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे दुसऱ्या नंबरला साखर असेल तर ते म्यूसली नाही, ती मिठाई आहे. मी नाही म्हटलं. त्याचा मला अभिमान आहे. त्या महिन्याचं लाइट बिल आईने भरलं, त्याचाही तिला अभिमान असेल अशी आशा आहे.

यातलं काहीच मी आजींना सांगितलं नाही. गिरणी पुन्हा सुरू झाली होती, काका कानाला हात लावून विचारत होते, किती, किती, म्हणून मी ओरडलो, "महिन्याला हजार-बाराशे!"

आणि लाइट गेली.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. वरून पीठ खाली बसताना दिसत होतं. इथपर्यंत काका मला अहोजाहो करत होते. लाइट आली, गिरणी घरघरायला लागली, काका माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला (काळ्या शर्टावर पांढरा पंजा, अजून गेलेला नाही) आणि म्हणाले, "तू असं कर." अहोवरून अरेवर. पुढचं तुम्हाला सांगितलंच. पाच हजार देतो म्हणाले. वाईट हे आहे की मी मनातल्या मनात भागाकार केला. तीन तासांचे पाच हजार. माझ्या करिअरच्या चौपट.

"घे रे," आजी म्हणाल्या. "दुपारी तुला काही नसतंच."

"तुम्हाला काय माहीत?"

"समोरून दिसतोस की. रोज दुपारी गॅलरीत भाकरी धरून उभा असतोस. आम्हाला वाटायचं कावळ्याची वाट बघतोस. मी सुनेला म्हटलंसुद्धा, पितृपक्ष संपून किती दिवस झाले, ह्यांच्याकडचं कोण एवढं अडून बसलंय?"

अख्खी गिरणी हसली. डबा लांब सरकवणाऱ्या बाई सगळ्यात जास्त.

आणि मग, भाजणीचं झाकण घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता आजी काकांना म्हणाल्या, "गुरुवारी उपासाचं सगळं झालं की गहू लावायच्या आधी घाल त्याची नाचणी. त्याला गहू नको, आम्हाला नाचणी नको. कुणाचंच काही मोडत नाही." काका म्हणाले, हां, तसं जमेल. झालं. पाऊण तास मी लॉजिक लॉजिक करत होतो. माइक चालू होता म्हणून घरी येऊन ऐकलं, तर त्यात नुसती घरघर, आणि मध्येच अतिशय स्वच्छ, खणखणीत आवाजात माझं "हजार-बाराशे".

व्हिडिओ करणार नाही. कारण घरी आरशात बघितलं तर माझ्या भुवया पांढऱ्या, कानात पीठ, पापण्यांवर पीठ. गिरणीच्या हवेतच गहू आहे, दगड कितीही झाडा. त्या बाईंना मी प्रामाणिकपणे कळवून टाकलं की सिलिअॅक असेल तर बाहेरच्या गिरणीची खात्री देता येत नाही, जमल्यास घरघंटी घ्या, ती फक्त त्याच्या धान्यासाठी ठेवा, आणि डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. त्यांनी थँक्यू दादा लिहिलं आणि विचारलं की घरघंटी कुठली चांगली, तुम्हाला डिस्काउंट कूपन मिळतं का. नाही मिळत.

नाचणीचा डबा गुरुवारपर्यंत तिथेच आहे. आज भाजी घेऊन येताना सहज डोकावलो, काका नव्हते, डबे ओळीत होते. माझ्या डब्यावर खडूने वजन, आणि झाकणाखाली काकांच्या हातची चिठ्ठी: "नाचणी. गुरु. शेवटी. उपास नाही. – कावळेवाले."