हप्ता विसरण्याची सोपी रीत

नाशिकात कॉलेज रोडवरून कॅनडा कॉर्नरला यायला सिग्नल धरून दहा मिनिटं लागतात. कॅनडा कॉर्नरवरून कॅनडाला जायला आमच्या भाच्याला एक कन्सल्टंट, दोनदा दिलेली आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि पंधरा लाखांचं एज्युकेशन लोन लागलं. आज तो टोरांटोजवळ असतो. नोकरी आहे, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी आलीय, आणि गेल्या दसऱ्याला त्याने नव्या गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. त्या देशात लिंबू केवढ्याला पडतं कोण जाणे, पण संस्कार सुटले नाहीत. सुटलं ते फक्त लोन.

तुम्हीही असेच कुठे बाहेर स्थिरावला असाल आणि इकडे एखादं लोन मागे राहून गेलं असेल, तर मन लावून वाचा. भाच्याची पद्धत मी फार जवळून पाहिली आहे. इतक्या जवळून, की तिच्यावर माझी सही आहे. तीस-पस्तीस ठिकाणी.

पहिलं म्हणजे, घाबरायचं नाही. कागद खोटे दिले नसतील तर लोन थकलं म्हणून कुणी आत टाकत नाही. मामला दिवाणी आहे. विमानतळावर अडवतील ही धास्तीही सोडा. सरकारी बँका थकबाकीदाराविरुद्ध लुकआउट सर्क्युलर मागत असत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा तो अधिकारच रद्द केला. इथल्या कोर्टाचा हुकूमनामा परदेशात सरळ बजावायचा तर दोन देशांत तशी सोय असावी लागते. ब्रिटन आणि सिंगापूरशी आपली ती आहे, कॅनडा आणि अमेरिका त्या यादीत नाहीत. लंडनचं कॉलेज सोडून टोरांटोचं धरलंत, यात तुमची दूरदृष्टी दिसते.

शिवाय तिकडे तुमची पत कोरी करकरीत असते. इकडचं सिबिल तिकडची बँक उघडून बघत नाही. गंमत अशी, की सिबिलच्या नावाआधी ज्या ट्रान्सयुनियनचं नाव लागतं, तीच ट्रान्सयुनियन कॅनडातही लोकांची पत मोजते. पण एका घरातल्या दोन जावांनी बोलणं टाकावं तशा तिच्या या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून तर भाच्याला गाडीचं लोन मिळालं.

कायद्याचे हात लांब असतात म्हणतात. तुमच्या बाबतीत त्यांना लांब व्हायची गरजच पडत नाही. बँकेची शाखा आणि इंदिरानगरातला तुमच्या वडिलांचा दुसरा मजला यांत सव्वा किलोमीटरचं अंतर आहे, मध्ये एक भाजीबाजार.

तर दुसरं काम: भारतातलं सिम बंद पडू द्या. बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात. नंबर मेला की लोनही मेलं, अशी समजूत करून घ्यायला फार वेळ लागत नाही. ईमेल आलाच तर न उघडता राहू द्या, लाल आकडा वाढत गेला तरी जागेवरून हलत नाही. लोनच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा एक रकाना होता, आठवतंय? तुम्ही तिथे घरचा पत्ता घातला होता. बाकी सगळं बदललं, तो तेवढा कायमचा निघाला. रजिस्टर पोस्ट तिथेच येतं.

सह्यांचा दिवस मला अजून आठवतो. साडेसात लाखांवरच्या लोनला तारण लागतं, ते दाजींनी दिलं: राहता फ्लॅट. सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच. पण दाजी रिटायर होत आलेले, म्हणून बँकेला आणखी एक सही हवी होती. मी सातपूरच्या कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून गेलो. साहेब बोट ठेवत होते, "इथे, इथे, आणि इथे," आणि मी करत होतो. मजकूर वाचायला बसलो तर भाचा म्हणाला, "मामा, सगळं स्टँडर्ड असतं." खरंच होतं. १८७२ पासून स्टँडर्ड आहे. करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी त्याला पकडा, सापडला नाही तर मामाकडे या, असा क्रमसुद्धा बँकेवर बंधनकारक नाही. मराठीत 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार कुणी आणला ठाऊक नाही, पण तो बहुधा बँकेतूनच बाहेर पडत असावा.

नाशिकरोडला प्रेसमध्ये तीन गोष्टी छापतात: पासपोर्ट, स्टॅम्पपेपर आणि शेजारच्या प्रेसात नोटा. एका गावची ही तीन भावंडं. त्यातला पासपोर्ट तुम्ही नेलात, स्टॅम्पपेपर आमच्याकडे ठेवलात आणि नोटांची आम्ही अजून वाट बघतोय.

आता थोडं गणित. तुमचं मास्टर्स ॲनालिटिक्समध्येच आहे, त्यामुळे कंटाळा येणार नाही. पंधरा लाख, व्याज ११ टक्के. दोन वर्षं कोर्सची आणि त्यावर एक वर्ष सवलतीचं, या काळात हप्ता नसतो. हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं, असं तुम्ही वडिलांना समजावलं होतं. व्याज असतं. ढोबळ मानाने सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर तीन वर्षांत पाच लाखांना जरासं कमी. ते मुद्दलात गेलं आणि हप्ते सुरू व्हायच्या दिवशी पंधराचे वीस झाले. दहा वर्षांची मुदत धरून हप्ता साडेसत्तावीस हजार. तुमच्याकडच्या हिशेबात साडेचारशेच्या आसपास डॉलर. हप्ता भरला नाही तर वीस लाखांवर दिवसाला सहाशे रुपये व्याज चढतं. रोज सहाशे! आपल्याकडे एवढ्यात अख्खं घर मिसळ खाऊन येतं, वर ताक.

पण तुम्ही कशाला भरता? दाजी आहेत ना. पहिली दोन वर्षं त्यांनीच पेन्शनमधून आणि पीएफच्या व्याजातून हप्ते भरले. साडेसहा लाखांच्या वर पैसे गेले आणि मुद्दल हललं जेमतेम अडीच लाखांनी. मी हे तुमच्या भल्यासाठी सांगतोय: वडिलांनी भरलेल्या व्याजावर त्यांना करात वजावट मिळते, ते 80 ई म्हणतात ना, तेच. आठ वर्षं आणि व्याजाला वरची मर्यादा नाही. फक्त जुनी करप्रणाली धरून बसावं लागतं. म्हणजे हप्ता न भरून तुम्ही वडिलांचा टॅक्स वाचवताय. श्रावणबाळाला हे सुचलं नव्हतं, तो खांद्यावर कावड घेऊन हिंडत बसला.

मग एका पावसाळ्यात दाजींचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तीन हप्ते चुकले. नव्वद दिवस उलटले, की खातं एनपीए होतं. अनुत्पादक मालमत्ता. दाजींनी तो शब्द दोनदा वाचला आणि विचारलं, "हे खात्याबद्दल लिहिलंय ना?"

इथून पुढे वसुलीचे फोन सुरू होतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावून सांगितलंय, की वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. आमच्याकडे येणारा पोरगा नियमाचा पक्का होता. एकदा घरीच आला. सिडकोत राहणारा, बी.कॉम. झालेला, तुमच्याच वयाचा. दारात उभा राहून म्हणाला, "सर आहेत का?" सर म्हणजे तुम्ही. दाजी म्हणाले, "तो मीटिंगमध्ये आहे." गेले सहा महिने तुम्ही मीटिंगमध्येच होता. ताईने पोराला आत बोलावलं, चहा दिला, सोबत चिवडा. त्याने बॅगेतला कागद काढला, सही घेतली, भिंतीवरचा तुमचा पदवीदानाचा फोटो बराच वेळ पाहिला, आणि निघताना चप्पल घालता घालता हळूच विचारलं, "काका, दादांनी कन्सल्टंट कुठला केला होता?"

त्यानंतर साठ दिवसांची नोटीस. सरफेसी, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा कायदा. तुम्ही अर्थातच उत्तर देऊ नका. बँकेला चार ओळी लिहाव्यात, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी, इथल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून नाही तर तिकडूनच सरळ पैसे पाठवावेत, असले गावंढळ उपाय लोक सुचवतात. कराल तर सगळा मामला महिनाभरात मिटेल आणि घरात बोलायला विषय उरणार नाही.

साठ दिवस संपले, की बँक सांकेतिक ताबा घेते. म्हणजे दारावर कागद चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत नोटीस देते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं, कारण शेजाऱ्यांना समजलं पाहिजे. आमची आली तेव्हा मी ताईकडेच होतो. सकाळी सातला पेपर आला. दाजी पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. वर श्रद्धांजली, शेजारी कुणाचा तरी नावात बदल, आणि खाली चौकट: तुमचं पूर्ण नाव, त्याखाली दाजींचं, त्याखाली माझं. मग मालमत्तेचं वर्णन. पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, उत्तरेस फ्लॅट क्रमांक सहा. दाजींनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "दक्षिणेस गॅलरी लिहिलंय. ती आपण बंद करून घेतली, त्यांना माहीत नाही." फ्लॅट क्रमांक सहावाल्या वहिनी दुपारी विरजण मागायला आल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा.

एक सांगायचं राहिलं. हा फ्लॅट घ्यायला दाजींनी पिंपळगावची वडिलोपार्जित दीड एकर द्राक्षबाग विकली होती. शेतजमीन सरफेसीत येत नाही. बाग राहिली असती तर बँकेला हात लावता आला नसता. अर्थात मग बँकेने ती तारण घेतलीच नसती, आणि तुम्ही आज सायखेड्याच्या रस्त्याला फवारणी करत असता. असो.

या सगळ्यात माझं म्हणाल तर काहीच बिघडलं नाही. दसऱ्याला मुलीसाठी स्कूटर घ्यायची होती, थोडं लोन करू म्हणून गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आयुष्यात मी लाइटबिल एक दिवस चुकवलं नाही, आणि तिथे लाल अक्षरात जामीनदार म्हणून थकबाकी. ती म्हणाली, "सर, तुमच्या नावावर एज्युकेशन लोन दिसतंय. या वयात शिकताय?" घरी आलो आणि तुमच्या गाडीचा फोटो बघितला. तो वरचा, लिंबाचा. मी लाइक केलं.

बँकेने एकरकमी तडजोड सुचवली होती. थोडं सोडून देतात, फक्त सिबिलवर 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' लागतं आणि पुढचे सगळे त्या एका शब्दाकडे बोट दाखवतात. दाजी म्हणाले, नको, पूर्णच भरू. 'भरू' हे अनेकवचन ऐकून मी काय ते समजलो. सातपूरच्या कंपनीतून मिळालेला माझा पीएफ आणि ताईच्या बांगड्या, असं मिळून गेल्या महिन्यात लोन बंद केलं. मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचा बँकेला नियम आहे, नाही दिले तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आम्ही रोज देवाला हात जोडतोय, की बँक विसरू दे.

तुमच्यासाठी ही सगळ्यांत आनंदाची बातमी. लोन गेलं! आता तुम्ही डिसेंबरात बिनधास्त या, रामकुंडावर फोटो काढा, लग्नांना हजेरी लावा, मागच्या वेळेसारखी मेपल सिरपची बाटली आणा. मागची संपलेली नाही, आम्ही ती थालीपिठाला लावून पाहिली होती.

फक्त त्याच जुन्या करार कायद्यात जरा पुढे १४० वं कलम आहे, तेवढं नजरेखालून घाला. जामीनदाराने सगळं देणं फेडलं, की कर्जदाराविरुद्धचे बँकेचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात. म्हणजे मीच बँक झालो. पुढचं कलम म्हणतं, तारणावरचा हक्कही जामीनदाराचा. हे ताईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग या महिन्याचा मेंटेनन्स तू भर."

बँक म्हणून माझे नियम अगदी साधे आहेत. आठ ते सातची अट रिझर्व्ह बँकेने बँकांना घातलीय, मामाला नाही. दुपारी साडेबाराला जेवण उरकून मी आडवा होतो, तेव्हा हाताला वेळ असतो. टोरांटोत तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात, थंडीत दोन. काल भाच्याला पहिला फोन लावून पाहिला. बराच वेळ वाजला. उचलला नाही.

मीटिंगमध्ये असेल.