अमेरिकेचं विमान, सुतळी आणि तुतारीतला डास

यंदा चतुर्थीला घरात चाकरमानी आले आणि त्यांच्यासोबत एक मेसेजही. तिघांनी मला तोच पाठवला. मजकूर असा: हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ ला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरतं, म्हणजे साडेपाच तास. येताना दुपारी १२ ला निघालेलं दुसऱ्या दिवशी १ ला मुंबईत, म्हणजे २५ तास. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे जाताना न्यूयॉर्कच विमानाकडे येतं. आणि भाडं वाढवायला कंपन्या उत्तरेचा मुद्दाम वळसा घेतात.

घड्याळाचं आधी उरकू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. ते साडेपाचात मिळवा, २५ मधून वजा करा: जाताना १६ तास, येताना साडेचौदा. म्हणजे येतानाच वेळ कमी लागतो. मेसेजवाल्याने गणित केलं, पण उलटं.

आता पृथ्वीच्या फिरण्याचं. कुडाळच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे जाते, हे खरंच आहे. पण हवाही तिच्यासोबतच जाते. तुतारी एक्सप्रेसच्या डब्यात डास उडतो, तो काय मागच्या भिंतीवर आपटतो? सुखाने उडतो आणि नेमका आपल्यालाच चावतो. फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण १० किलोमीटर उंचीवर, उत्तरेकडच्या देशांवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. वारा पाठीशी असला की होडी लवकर बंदराला लागते, हे मालवणच्या पोराला शिकवावं लागत नाही.

वळशाचं मात्र सगळ्यांनाच पटतं, कारण भिंतीवरच्या नकाशात तो दिसतो. नातवाचा पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर सुतळीचं टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. सुतळी आपोआप उत्तरेला सरकून आइसलंडजवळून जाते. ते अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या ‘सरळ’ रेघेने गेलात, तर सुमारे १४,२००! कागदावर पृथ्वी पसरताना उत्तरेचा भाग ताणावा लागतो, म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे.

खरे वळसेही पडतात, पण ते वेगळ्या कारणाने. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा विमानं लांबून न्यावी लागली. त्यात इंधन कंपनीचंच जळतं; हौसेने कोण जाळील?

भाचा न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून आला, त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, विमानातले तास झोपेत गेले. मुंबई-गोवा महामार्गावरचं पळस्पे ते इंदापूर तेवढं मोजलं.”