ग्लायडरच्या पंखाला ‘कुठलाही 9 ग्रॅमवाला’ चालत नाही

ठाण्या-नवी मुंबईतल्या आम्हा मॉडेल उडवणाऱ्यांत सध्या सर्व्होबद्दल, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर पंखाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या गिअरवाल्या यंत्राबद्दल, एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘ग्लायडरला मोटर नाही, म्हणजे वेग नाही, म्हणजे पंखातल्या सर्व्होवर जोर येत नाही. 9 ग्रॅमचा कुठलाही घ्या. भीती वाटली तर मेटल गिअरचा घ्या, ग्लू गनने चिकटवा, विषय संपला.’ नवीन पोरं हे वाचून सामान आणतात, म्हणून हा खटाटोप.

मोटर नाही म्हणून वेग नाही, हे येऊरच्या उतारावरून सायकल सोडलेल्या कुणालाही पटणार नाही. 2021 साली कॅलिफोर्नियात बिनमोटरच्या रेडिओ कंट्रोल ग्लायडरने ताशी 882 किलोमीटर गाठले. आपलं तसलं काही नसतं, मान्य. पण उंच गेलेलं दोन मीटरचं ग्लायडर खाली आणायला नाक दाबलं की वेग दुप्पट व्हायला वेळ लागत नाही, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दुप्पट वेग, चौपट जोर. हातातून फेकायच्या मीटरभर फोमच्या ग्लायडरला 9 ग्रॅमवाला खुशाल लावा, तिथे माझं भांडण नाही.

आता मेटल गिअर. पितळी दात तुटत नाहीत सहसा, पण झिजतात, आणि झिजले की प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. प्लॅस्टिकचे दात उलट, नवीन असताना बरेचदा घट्ट बसतात, पण उतरताना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा, ब्रेकसाठी खाली येणारा भाग) जमिनीला आपटला की दोन-तीन उडालेच. पंखात मला तुटण्यापेक्षा प्लेची धास्ती जास्त. रिसीव्हर (रिमोटचे इशारे पकडणारा भाग) चालू ठेवा, एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या हलत्या भागाची, मागची कड दोन बोटांत धरा आणि अलगद वर-खाली करा. सर्व्होचा दांडा जागेवर असताना कड हलली, तर वेगात तीच कड फडफडायला लागते. ‘फर्रर्र’ असा आवाज येतो आणि पुढे काय करायचं ते ठरवायच्या आत पंख गेलेला असतो.

बाळकुमचा एक मुलगा असाच आला, ‘काका, सर्व्हो खराब निघाला.’ सर्व्हो ठणठणीत होता. पुशरॉड, म्हणजे सर्व्होपासून एलेरॉनपर्यंत जाणारी तार, त्याने सर्व्होच्या हाताच्या टोकाच्या भोकात, दांड्यापासून 14 मिलिमीटरवर अडकवला होता. मग एलेरॉन फार हलतं म्हणून रिमोटमध्ये हालचाल 40 टक्क्यांवर आणलेली. आम्ही पुशरॉड 6 मिलिमीटरच्या भोकात घेतला. तेवढ्याच हालचालीसाठी रिमोटचा आकडा 93 टक्क्यांवर गेला, एलेरॉनवरचा जोर दुपटीहून वाढला आणि गिअरचा प्ले कडेपर्यंत पोचताना निम्म्याहून कमी झाला. खर्च शून्य. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही! फ्लॅपला मात्र ही युक्ती पुरती लागू पडत नाही, कारण ब्रेकसाठी तो 60 अंशांपुढे खाली यावा लागतो. म्हणून दमदार सर्व्हो घ्यायचाच तर आधी फ्लॅपला घ्या.

‘कुठलाही’ या शब्दावरही माझा आक्षेप आहे. नेहमीचा 9 ग्रॅमवाला आडवा ठेवला तरी जवळपास 12 मिलिमीटर जाड. एलेरॉनपाशी पंखाची रुंदी 14 सेंटिमीटर आणि जाडी 8 टक्के धरली, तर सगळ्यात फुगीर जागीसुद्धा मिळतात 11.2 मिलिमीटर. पंखासाठीचे 8 मिलिमीटरचे पातळ सर्व्हो महाग असतात, पण ते याच कारणासाठी बनतात, चैनीसाठी नाही.

ग्लू गनबद्दल मी स्वतः पोळलोय. मे महिन्यात मुरबाडच्या बाजूला उडवायला गेलो, पंख तासभर बंद गाडीत मागच्या काचेखाली राहिला. फ्लॅप उघडला तर फ्लॅप जागेवर आणि सर्व्होच खळग्यात फिरतोय, गोंदाचे धागे ओढत. तेव्हापासून सर्व्होवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवतो, वरून पॉलिश पेपरने खरबरीत करतो आणि पंखाच्या आतल्या कातडीला इपॉक्सीने चिकटवतो. कातडी पातळ असेल तर मध्ये प्लायचा तुकडा, म्हणजे जोर पसरतो. बदलायची वेळ आली की हीट श्रिंक ब्लेडने चिरायची, सर्व्हो सुटा होतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोम टेप नकोच. तो दबतो, आणि दबणं म्हणजे पुन्हा प्लेच.

आणि विकत घेताना व्होल्टेज वाचा. दोन सेलची लायपो बॅटरी पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट देते, आणि 6 व्होल्टचा सर्व्हो तिला थेट जोडला तर उडायच्या आधीच टेबलावर धूर काढतो.