'सिम्बॉल नाहीत म्हणजे डीबगिंग संपलं' हा सल्ला चुकीचा आहे

लिनक्सवर सी आणि सी++ लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "प्रोग्राम स्ट्रिप केलेला असेल तर जीडीबी उघडूच नका. नावं नसतात, ब्रेकपॉइंट लागत नाही, बॅकट्रेस मिळत नाही. डीबगचा फ्लॅग देऊन पुन्हा बिल्ड करा, नाहीतर सोडून द्या." (स्ट्रिप करणं म्हणजे तयार प्रोग्राममधून सिम्बॉल, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं, काढून टाकणं. जीडीबी हा प्रोग्राम आतून तपासायचा डीबगर. ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्राम थांबवायची जागा, आणि बॅकट्रेस म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी.) या सल्ल्यावर विश्वास ठेवून लोक कोअर फाइली, म्हणजे क्रॅशच्या क्षणी प्रोग्रामची मेमरी साठवलेल्या फाइली, न उघडताच उडवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुन्हा कधी घडेल याची खात्री नसलेल्या क्रॅशचा तेवढाच पुरावा असतो.

"नावं नसतात." अर्धवट खरं. स्ट्रिपमुळे सिमटॅब (सगळ्या नावांचा तक्ता) आणि डीबगचे सेक्शन जातात. डायनसिम (लायब्ररींशी जोडणाऱ्या नावांचा तक्ता) राहतं, कारण प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या डायनॅमिक लिंकरला ते लागतं. त्यामुळे ओपन, रीड, मेमकॉपी अशी लायब्ररीतून घेतलेली नावं दिसतात, आणि अनोळखी फंक्शन कोणाला बोलावतं यावरून त्याचं काम बरंचसं ओळखता येतं. स्टॅटिक लिंक केलेल्या (लायब्ररी आतच भरलेल्या) प्रोग्राममध्ये हा आधार नसतो. तिथे काम खरोखर किचकट आहे.

"ब्रेकपॉइंट लागत नाही." नावावर लागत नाही, पत्त्यावर लागतो. ब्रेक कमांडपुढे तारांकन देऊन पत्ता लिहायचा. मेन, म्हणजे प्रोग्रामचं मुख्य फंक्शन, शोधायचं असेल तर आधी 'स्टार्टआय'ने प्रोग्राम पहिल्याच सूचनेवर थांबवा, म्हणजे पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणाऱ्या) प्रोग्रामचेही खरे पत्ते मिळतात. मग 'इन्फो फाइल्स' एंट्री पॉइंट, म्हणजे प्रोग्रामचा कोड जिथून सुरू होतो तो पत्ता, दाखवतं. तिथला छोटासा कोड जीलिबसी या सी लायब्ररीच्या स्टार्ट-मेन फंक्शनला बोलावतो आणि त्याला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून मेनचा पत्ता देतो. ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर पहिलं आर्ग्युमेंट आरडीआय रजिस्टरमध्ये जातं. त्या कॉलवर थांबून आरडीआय वाचलं की मेन सापडलं.

"बॅकट्रेस मिळत नाही." हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर जीसीसी हा कंपायलर सी प्रोग्रामसाठीसुद्धा ईएच-फ्रेम नावाचा तक्ता आपणहून तयार करतं. कोणत्या पत्त्यावर असताना मागची फ्रेम (बोलावणाऱ्या फंक्शनची स्टॅकवरची जागा) कुठे सापडेल, हे त्यात असतं. सी++ च्या एक्सेप्शनना चालत्या प्रोग्राममध्ये तो लागतो, म्हणून स्ट्रिप त्याला हात लावत नाही. जीडीबी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दाखवतं, पण पत्ते दाखवतंच. ती प्रश्नचिन्हं पाहून माघार घेऊ नका. क्रॅश झालेली सूचना उघडा. समजा ती फंक्शनच्या सुरुवातीलाच आहे, आरडीआयच्या पुढे २४ बाइटवरची किंमत वाचते आहे आणि आरडीआयमध्ये शून्य आहे. मग पहिलं आर्ग्युमेंट नल (कुठेच न दाखवणारा) पॉइंटर होतं आणि २४ व्या बाइटवरचं फील्ड वाचताना प्रोग्राम पडला, हे बहुधा नक्की. आता वरच्या, म्हणजे बोलावणाऱ्या, फ्रेममध्ये जाऊन ते शून्य कुठून आलं ते पाहायचं. सोर्स हातात असेल तर ते स्ट्रक्चर ओळखायला वेळ लागत नाही.

लोकल व्हेरिएबलची नावं आणि टाइप मात्र जातात, हे मान्य. ऑप्टिमायझेशनमुळे इनलाइन झालेली (बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळलेली) फंक्शनं आणि टेल कॉलमधल्या (फंक्शनच्या शेवटी थेट दुसऱ्याकडे उडी मारण्यातल्या) फ्रेमही दिसत नाहीत. वेळ जास्त लागतो.

"पुन्हा बिल्ड करा." कंपायलरची आवृत्ती किंवा फ्लॅग बदलले तर पत्ते सरकतात, आणि जुन्या कोअरमधला पत्ता नव्या बिल्डमध्ये भलत्याच ओळीवर पडतो. ऑप्टिमायझेशन बंद केलं तर इनिशियलाइझ न केलेल्या व्हेरिएबलचा बग दिसेनासाही होऊ शकतो. योग्य रीत अशी: रिलीजच्या वेळीच ऑब्जकॉपी या साधनाने डीबग माहिती वेगळ्या फाइलीत काढून ठेवायची आणि मग स्ट्रिप करायचं. लिंकरने बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) घातला असेल तर तो दोन्हीकडे तोच राहतो, त्यावरून जीडीबी जोडी जुळवतं. फेडोरा, डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजांसाठी तर डीबगइन्फोडी (डीबग माहिती पुरवणारे) सर्व्हर आहेत; त्याच बिल्ड-आयडीवरून जीडीबी तिथून सिम्बॉल आणू शकतं. म्हणून कोअर हाती आली की आधी 'ईयू-अनस्ट्रिप' ही कमांड चालवून त्यातले बिल्ड-आयडी काढा आणि जुळणारी डीबग फाइल शोधा. ती नाही मिळाली, तर वरच्या रीतीने पत्त्यांवरून पुढे जा.