शंभरातले चार रुपये वीस पैसे

आज पुन्हा नाणं अडकलं. गावातल्या आरओच्या यंत्रात पाच रुपये टाकायचे आणि वीस लिटरचा कॅन भरायचा, अशी योजना. यंत्र नाणं गिळतं आणि गप्प बसतं. दिवाळीपासून हेच चाललंय. वरचा फलक मात्र चकचकीत: ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून’. खाली चार नावं, प्रत्येकापुढे ‘मा.’

अरे, निधी कुणाचा? ‘मा.’च्या खिशातला?

आमचा विदर्भातला कोळसा पट्टा. खाण खोल गेली तशा विहिरी आटल्या, म्हणून तर हे यंत्र. दोरीवर पांढरा सदरा वाळत घातला तर संध्याकाळी करडा होऊन घरात येतो. आई गच्चीवर कुरड्या घालायची, तेही सोडलं. दुपारी ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची ताटं वाजतात आणि भिंतीची भेग बोटभर पुढे सरकते. मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात, कुणी मोजायला आलंच तर!

आता हिशेब ऐका. शंभर रुपयांच्या कोळशामागे रॉयल्टी १४ रुपये, ती सरकारजमा. २०१५ साली खाण कायद्यात ९ब कलम आलं. त्यानुसार जुन्या खाणींनी रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम वेगळी भरायची, फलकावरच्या त्याच जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, खाणीची झळ बसलेल्या माणसांसाठी आणि भागासाठी. म्हणजे शंभरात ४ रुपये २० पैसे. लिलावातल्या नव्या खाणींना १० टक्केच, म्हणजे १ रुपया ४० पैसे. त्याआधी २०११ च्या विधेयकात कोळसा कंपन्यांनी नफ्यातला २६ टक्के वाटा द्यावा असं लिहिलं होतं. पण लोकसभेची मुदत संपली, विधेयकही गेलं.

बरं, चार रुपये तर चार रुपये. तेवढे तरी आमच्या दारात येऊ द्या ना! पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण यांवर आधी खर्च करा, असं केंद्राच्या योजनेतच लिहिलंय. पूर्वी किमान ६० टक्के होतं, २०२४ मध्ये ७० केलं. कागद एकदम झकास. आणि आमच्याकडे काय आलं? कमान. गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान! तिच्याखालून कोळशाचे हायवा ट्रक धूळ उडवत जातात. दवाखान्यात एक्स-रे काढायचा तर अजून तालुक्याला जावं लागतं आणि छातीत घरघर घेऊन आमचे काका एसटीची वाट बघतात.

ग्रामसभेत मी विचारलं, कमान कुणी मागितली होती? उत्तर आलं, “वरून मंजूर झाली.” काऊन बाप्पा, वर कोण राहते? धूळ तर खाली बसते!

इथून जवळच, गडचिरोलीत, मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतःच्या हातात घेतले. वनहक्क कायद्याने बांबू त्यांचा झाला. आमच्या जमिनीखालचा कोळसा आमचा नाही, हे एक वेळ मान्य. पण आमच्याच नावाने जमा झालेल्या पैशाचं काय करायचं, हेसुद्धा आम्हाला विचारायचं नाही?

जाऊ द्या. दोन कॅन गाडीला बांधलेत, शेजारच्या गावात चाललोय. तिथलं यंत्र चालू आहे म्हणे. निदान सकाळपर्यंत होतं.