एमिलिओच्या कपाटातला गणवेश

डोक्यावर बरणी पालथी घातल्यासारखी दिसणारी हवाईसुंदरी, असा एक जुना फोटो अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतो. खाली हसऱ्या इमोजींची रांग. तो पारदर्शक टोप १९६५ साली ब्रॅनिफ या अमेरिकन विमान कंपनीसाठी इटालियन फॅशन डिझायनर एमिलिओ पूचीनं केला. विमानापर्यंत चालत जाताना वाऱ्यापावसानं केस विस्कटू नयेत म्हणून! (कपड्यांवर तो सही फक्त 'एमिलिओ' अशी करायचा. आपणही तेच म्हणू, मराठीत ते सोयीचं आहे.) विमानतळावरचा वारा त्याला नवा नव्हता. कपड्यांच्या धंद्यात पडण्याआधी हा गृहस्थ मुसोलिनीच्या हवाई दलात वैमानिक होता.

माझी तक्रार इथेच आहे. त्याच्याबद्दल काहीही वाचा, गोष्ट इस्त्री केलेली. फ्लॉरेन्सचा उमराव, १९३२च्या हिवाळी ऑलिंपिकला गेलेल्या इटालियन संघातला स्कीपटू, अमेरिकेत रीड कॉलेजात शिकताना तिथल्या स्की-संघाचे कपडे बेतणारा तरुण. मग एकदम १९४७. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटच्या बर्फात त्यानं बेतलेले स्कीचे कपडे टोनी फ्रिसेल या छायाचित्रकार बाईंच्या नजरेत भरतात, 'हार्पर्स बझार' या अमेरिकन फॅशन मासिकात छापून येतात, नशीब उघडतं. मग इटलीतल्या काप्री बेटावरचं दुकान, न चुरगळणारं रेशमी जर्सीचं कापड, ते झगझगीत रंग, मेरिलिन मन्रो. आणि मधली वर्षं? 'युद्धात वैमानिक होता', संपलं.

त्या तीन शब्दांत काय काय दडपलंय बघा. जहाज बुडवायला विमानातून टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारं स्फोटक) सोडायचा तर विमान पाण्यालगत आणावं लागतं, थेट जहाजावरच्या तोफांच्या तोंडाशी. हे त्यानं केलं, पदकं मिळवली, आणि हे सगळं हिटलरच्या मित्रराष्ट्रासाठी. मुसोलिनीची मुलगी एड्डा त्याची जवळची मैत्रीण. ११ जानेवारी १९४४ला तिच्या नवऱ्याला, माजी परराष्ट्रमंत्री चिआनोला, सासऱ्याच्याच राजवटीनं गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्याच दिवसांत एमिलिओनं एड्डाला स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोचवलं. चिआनोच्या डायऱ्या तिनं अंगावर लपवल्या होत्या. एमिलिओ मात्र गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, तावडीत सापडला आणि मिलानच्या तुरुंगात त्याचे हाल हाल झाले. त्याच डायऱ्या पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आल्या.

शूर होता? होता. फॅसिस्ट राजवटीचा अधिकारी होता? तोही होता. मैत्रिणीसाठी मार खाल्ला म्हणून आधीचं धुऊन निघत नाही, आणि आधीच्यामुळे तो मारही खोटा ठरत नाही. मला दोन्ही वाचायचंय. कारण त्याच इटलीत, त्याच वर्षी १० जुलैला, तायबरच्या खोऱ्यात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातले, आपल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांना पुढचं आयुष्य मिळालंच नाही. एमिलिओला मिळालं, भरभरून मिळालं, आणि त्याचा मला हेवा किंवा राग नाही. फक्त ते सांगताना युद्ध असं अस्तरासारखं आत शिवून टाकू नका एवढंच.

१९७१च्या अपोलो १५ मोहिमेचं बोधचिन्हही त्याच्याच कल्पनेतलं, चंद्रावरून झेपावणारे तीन पक्षी. तिघेही अंतराळवीर अमेरिकी हवाई दलाचे. पक्षी त्यांनी ठेवले. रंग मात्र बदलून लाल, पांढरा, निळा करून घेतले.