आमचे अण्णा आणि बुधवारचा रेडिओ
एका लेखात कुणीतरी आपल्या वडिलांच्या कॅसेटींचा खोका उघडल्याचं वाचलं आणि थेट आमचे अण्णाच आठवले. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज आला की घरात कोणी भांडं जरी आपटलं तरी अण्णा असे बघायचे की बस, हे सगळं त्यांच्या तरुणपणीचं म्हणजे आत्या सांगते ते, मला आठवतं ते विविध भारतीचं छायागीत, रात्री दहाला, दिवे बंद करून. पिक्चर बघायला नाशिकचं सर्कल नाहीतर विजयानंद थिएटर, आणि टायटल्सच्या आधी पोचायचंच, कारण संगीतकार कोण ते पडद्यावर वाचायचं असायचं (मला मात्र इंटरव्हलच्या सामोशात जास्त इंटरेस्ट!). पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकात नेलं की दरवेळी तेच, अरे फाळके आपल्या त्र्यंबकचे, १८७० चा जन्म, आणि गेले पण नाशिकलाच, १९४४ ला. जसे काय सख्खे काकाच. अण्णा जाऊन आता सहा वर्षं होतील. टेप बंद पडलाय, कॅसेटी मी टाकल्या नाहीत, एकीत तर गाण्याच्या मध्येच त्यांचा आवाज आहे, "अगं चहा टाक गं", तेवढीच ऐकायचीये, टेप दुरुस्त करणारं कोणी आहे का हो नाशकात?